यंत्र थांबले तरी उपचार थांबू नयेत
रुग्णालयातील यंत्रे, सायबर हल्ला आणि आपली तयारी

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा एका रुग्णालयात प्रसूती वॉर्डला स्टाफ नर्स होते. दुपारच्या ड्युटीला एका बाईचा बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबेना. वय जेमतेम बावीस. इंजेक्शन, सलाईन, पोटाला मसाज, सगळे सुरू होते. पण रक्ताच्या किती पिशव्या लागतील हे ठरवायला डॉक्टरांना हिमोग्लोबिन हवे होते. मामा नमुना घेऊन लॅबमध्ये पळत गेले आणि तसेच परत आले. "सिस्टर, मशीन बंद आहे. कॉम्प्युटरला व्हायरस लागलाय."

आदल्या रात्री कुणीतरी गाणी ऐकायला लॅबच्या कॉम्प्युटरला पेन ड्राइव्ह लावला होता. रक्त मोजणारे यंत्र त्याच कॉम्प्युटरला जोडलेले. यंत्र धडधाकट होते, पण आकडा दाखवायला कॉम्प्युटरच नव्हता. सकाळी झालेल्या सगळ्या तपासण्यांचे रिपोर्टही आतच अडकले. कागदी रजिस्टर लिहिणे सहा महिन्यांपूर्वीच बंद केले होते.

लॅबमध्ये निवृत्तीला आलेले एक टेक्निशियन होते. त्यांनी कपाटातून जुनी साहलीची नळी काढली, धूळ पुसली, आम्ल टाकून रंग जुळवला आणि दहा-पंधरा मिनिटांत आकडा सांगितला. पाच ग्रॅम. रक्तपेढीने गट आणि क्रॉसमॅच हाताने केला. रक्त आले आणि बाई वाचली.

ती वाचली ते आमच्या योजनेमुळे नव्हे. योजना नव्हतीच. एक जुने जाणते टेक्निशियन आणि कपाटातली एक काचेची नळी, एवढ्यावर निभावले. त्या दिवशी ते रजेवर असते तर काय झाले असते, हा प्रश्न माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. आजचा पाठ त्याच प्रश्नाचा आहे.

यंत्र म्हणजे आता कॉम्प्युटरच

सायबर हल्ला म्हटले की आपल्याला बँकेचा ओटीपी आणि खात्यातून गेलेले पैसे आठवतात. रुग्णालयाशी त्याचा काय संबंध, असे वाटते. पण आज वॉर्डात नजर फिरवा. पेशंट मॉनिटर, व्हेंटिलेटर, सिरिंज पंप, ईसीजी, सोनोग्राफी, एक्स-रे, सीटी स्कॅन, एमआरआय, डायलिसिसचे यंत्र, लॅबमधले ॲनालायझर, रक्तपेढीचे फ्रीज. यातल्या बहुतेकांच्या पोटात छोटा कॉम्प्युटर आहे. अनेकांना वायरने किंवा वायफायने रुग्णालयाच्या जाळ्याला, म्हणजे नेटवर्कला जोडलेले असते. केसपेपरची खिडकी, औषधांचा साठा, बिल आणि रिपोर्ट त्याच जाळ्यावर चालतात.

जोडणीचा फायदा मोठा आहे. तालुक्याच्या ठिकाणी काढलेला एक्स-रे जिल्ह्याचे डॉक्टर लगेच पाहू शकतात. आयसीयूतल्या दहा खाटांचे मॉनिटर एका टेबलावर दिसतात. पण ज्या वाटेने माहिती जाते त्याच वाटेने रोगही येतो. आपण वॉर्डात हात धुतो, संसर्ग झालेल्या रुग्णाला वेगळी खोली देतो. यंत्रांच्या जाळ्यालाही तोच नियम लागू आहे.

आज रुग्णालयांना सर्वांत जास्त धोका खंडणीच्या व्हायरसचा आहे. त्याला रॅन्समवेअर म्हणतात. हा व्हायरस कॉम्प्युटरमधली सगळी माहिती कुलूपबंद करतो. मग पडद्यावर मजकूर येतो की किल्ली हवी असेल तर पैसे द्या. काही टोळ्या कुलूप लावण्याआधी माहितीची चोरीही करतात आणि ती उघड करण्याची धमकी देतात.

घडलेली चार उदाहरणे

पहिले आपल्याच देशातले. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्स रुग्णालयाचे सर्व्हर बंद पडले. नोंदणी, अपॉइंटमेंट, बिल, लॅबचे रिपोर्ट सगळे हाताने करावे लागले. देशभरातून आलेले गोरगरीब रुग्ण रांगेत ताटकळले. कॉम्प्युटरचे काम टप्प्याटप्प्याने पूर्ववत व्हायला साधारण दोन आठवडे लागले. केंद्र सरकारने संसदेत सांगितले की पाच सर्व्हरवर परिणाम झाला आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली. नेटवर्कचे नीट विभाग पाडलेले नव्हते, हे कारणही सरकारने दिले. आपल्या भाषेत सांगायचे तर एका खोलीतला संसर्ग दुसऱ्या खोलीत जाऊ नये म्हणून मधे दारेच नव्हती. एक गोष्ट मात्र वाचवणारी ठरली. एका बॅकअप सर्व्हरला धक्का लागला नव्हता, त्यावरून रुग्णांची माहिती परत मिळाली.

दुसरे इंग्लंडचे. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाचा व्हायरस जगभर पसरला. इंग्लंडच्या सरकारी आरोग्य सेवेतील २३६ पैकी ८१ ट्रस्टना त्याचा फटका बसला. तपासणी आणि निदान करणारी १,२२० उपकरणे बाधित झाली. सुमारे १९ हजार अपॉइंटमेंट रद्द झाल्या असाव्यात, असा तिथल्या आरोग्य सेवेचा अंदाज आहे. काही भागांत रुग्णांना लांबच्या इमर्जन्सी विभागात जावे लागले. या व्हायरसवरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिली होती. दोन महिने हातात असून ती अनेक ठिकाणी बसवली गेली नाही. लस आली होती, टोचून घेतली नव्हती.

तिसरे आयर्लंडचे. १८ मार्च २०२१ रोजी एका कर्मचाऱ्याने ईमेलमधून आलेली एक्सेल फाइल उघडली. पुढचे आठ आठवडे हल्लेखोर जाळ्यात शांतपणे फिरत राहिले आणि १४ मे रोजी त्यांनी व्हायरस सोडला. देशभरच्या सरकारी आरोग्य सेवेचे कॉम्प्युटर बंद करावे लागले. हल्लेखोरांनी काही दिवसांत किल्ली फुकट दिली, तरीही सगळे पूर्ववत व्हायला सुमारे चार महिने गेले. किल्ली मिळाली म्हणजे काम झाले असे होत नाही, हे इथून शिकावे.

चौथे लंडनचे. ३ जून २०२४ रोजी मोठ्या रुग्णालयांच्या रक्त तपासण्या करणाऱ्या सिनोव्हिस या संस्थेवर हल्ला झाला. रक्तगट जुळवण्याचे काम नेहमीच्या वेगाने होईना. म्हणून कुणालाही देता येईल असे ओ गटाचे रक्त द्या, असे आवाहन रक्तदात्यांना करावे लागले. दहा हजारांहून अधिक बाह्यरुग्ण अपॉइंटमेंट पुढे ढकलल्या गेल्या. किंग्ज कॉलेज हॉस्पिटलने २०२५ मध्ये जाहीर केले की त्या काळात एका रुग्णाचा मृत्यू झाला, आणि त्यामागच्या अनेक कारणांत रक्ताचा रिपोर्ट मिळायला झालेला उशीर हे एक कारण होते. हे वाचताना मला बाळंतपणाच्या वॉर्डातली ती दुपार आठवली.

शिरकाव होतो कसा?

वाटा फार गूढ नाहीत. बहुतेक वाटा आपल्या रोजच्या सवयींतून जातात.

१. जुने सॉफ्टवेअर. सीटी स्कॅन किंवा ॲनालायझर दहा-पंधरा वर्षे चालतो. त्यातले विंडोज मात्र कंपनीने कधीच सोडून दिलेले असते. रुग्णालयाला स्वतःहून ते बदलता येत नाही, कारण यंत्राची हमी जाते आणि मापेही चुकू शकतात. ती दुरुस्ती यंत्र बनवणाऱ्या कंपनीनेच द्यावी लागते.

२. पासवर्ड. कारखान्यातून आलेला पासवर्ड कुणी बदलत नाही. बदललाच तर तो मॉनिटरला चिकटपट्टीने लावलेला असतो. एकाच पासवर्डवर तिन्ही पाळ्या काम करतात. मग कुणी काय केले हे कळायला मार्ग नाही.

३. पेन ड्राइव्ह आणि मोबाइल. गाणी, सिनेमा, लग्नाचे फोटो. यंत्राच्या यूएसबी खाचेत मोबाइल चार्जिंगला लावणारे नातेवाईक मी पाहिले आहेत, आणि कर्मचारीही पाहिले आहेत.

४. फसवा ईमेल किंवा मेसेज. "पगारवाढीची यादी पाहा", "कुरियर परत जात आहे" असा मजकूर येतो आणि आपण बोट दाबतो.

५. कंपनीची दूरवरची जोडणी. देखभालीसाठी इंजिनीअर शहरातून इंटरनेटवरून यंत्रात शिरतो. काम झाल्यावर ती वाट उघडीच राहते.

६. स्वस्तातली खरेदी. ३० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कॉन्टेक सीएमएस ८००० या पेशंट मॉनिटरबद्दल इशारा दिला. तोच मॉनिटर एप्सिमेड एमएन-१२० या नावानेही विकला जातो. त्यात मागचे दार सापडले होते. इंटरनेटला जोडला की रुग्णाची माहिती बाहेर जाऊ शकत होती आणि बाहेरून मॉनिटरमध्ये ढवळाढवळ करता येत होती. सल्ला अगदी साधा होता. दूरवरून पाहण्याची गरज नसेल तर नेटवर्कची वायर काढा, वायफाय बंद करा आणि मॉनिटर खाटेजवळच वापरा. दूरवरून पाहणे गरजेचेच असेल तर हा मॉनिटर वापरू नका. आपल्या रुग्णालयात कोणत्या नावाचे मॉनिटर आहेत, ते एकदा मागे वळवून पाहायला हरकत नाही.

घाबरायचे किती?

"हॅकर पेसमेकर बंद करून माणूस मारतात" असे मेसेज फिरतात. खरे काय ते समजून घेऊ. २०१५ मध्ये अमेरिकेच्या प्रशासनाने हॉस्पिरा कंपनीचा सिम्बिक हा इन्फ्युजन पंप वापरणे थांबवा, असे रुग्णालयांना सांगितले. रुग्णालयाच्या जाळ्यातून त्या पंपात शिरून औषधाचा वेग बदलता येईल, असे आढळले होते. २०१७ मध्ये तिथल्या सुमारे ४ लाख ६५ हजार पेसमेकरसाठी सॉफ्टवेअरची दुरुस्ती काढण्यात आली. ती दवाखान्यात जाऊन काही मिनिटांत होणारी होती, शस्त्रक्रिया लागत नव्हती. दोन्ही वेळा इशारा देताना कुणा रुग्णाला इजा झाल्याची नोंद नव्हती. म्हणजे दार कमकुवत होते, चोर शिरल्याचे दिसले नव्हते.

म्हणून घरात कुणाला पेसमेकर असेल तर भिऊ नका. कार्ड जपून ठेवा आणि ठरलेल्या तारखेला तपासणीला जा. प्रत्यक्षात माणसांचे नुकसान होते ते साध्या कारणांनी. रिपोर्ट मिळत नाही, रक्त उशिरा येते, रुग्णवाहिका दुसरीकडे वळवावी लागते, कोणत्या रुग्णाला कोणते औषध चालू होते ते कळत नाही.

हल्ला असो वा पूर, वॉर्डात दिसते एकच

कॉम्प्युटर बंद पडायला दरवेळी चोरच लागतो असे नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्याच सदोष दुरुस्तीमुळे जगभर सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पडले आणि अनेक देशांत रुग्णालयांची कामे अडली. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई आणि आसपासची वीज गेली. काळ कोविडचा होता. पुढे राज्य सरकारने सायबर घातपाताचा संशय व्यक्त केला, तर केंद्रीय ऊर्जा खात्याने मानवी चूक असल्याचे म्हटले. वाद काहीही असो, त्या सकाळी रुग्णालयांना आधार होता तो बॅटरी, जनरेटर आणि डिझेलचा. डिसेंबर २०१५ च्या चेन्नईच्या पुरात एका मोठ्या रुग्णालयाची जनरेटरची खोली पाण्याखाली गेली आणि अतिदक्षता विभागातील रुग्ण दगावल्याच्या बातम्या आल्या. जनरेटर होता, पण तो पाणी येईल अशा जागी होता.

म्हणून सायबर सुरक्षेची एक फाइल आणि आपत्तीची दुसरी फाइल, असे करून चालत नाही. खाटेजवळ उभ्या असलेल्या सिस्टरला कारण कोणतेही असो, एकाच प्रश्नाला तोंड द्यावे लागते. पडदा काळा झाला, आता या रुग्णाचे काय करू?

आधीची तयारी

यादी करा. आपल्या विभागात कोणती यंत्रे आहेत, कोणत्या वर्षाची, कोणती जाळ्याला जोडलेली, बॅटरीवर किती मिनिटे चालतात, बिघडल्यास फोन कुणाला करायचा. जे माहीतच नाही त्याचे रक्षण करता येत नाही.

जोडणी गरजेपुरती ठेवा. ज्या यंत्राला इंटरनेट लागत नाही त्याला ते देऊ नका. यंत्रांचे जाळे वेगळे, कार्यालयाचे वेगळे आणि नातेवाईकांच्या मोफत वायफायचे पूर्ण वेगळे असावे.

प्रती ठेवा. माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक जाळ्यापासून तोडून दुसऱ्या जागी. बॅकअपची डिस्क कायम त्याच कॉम्प्युटरला लावलेली असेल तर व्हायरस तिलाही कुलूप लावतो. यंत्रांच्या सेटिंगचीही प्रत हवी. प्रत घेणे पुरेसे नाही, ती उघडून माहिती परत येते का हे अधूनमधून पाहावे लागते.

दोन प्रश्नांची उत्तरे विभागवार लिहून ठेवा. हे काम बंद राहिले तर किती वेळ चालेल? आणि किती वेळापर्यंतची नोंद गेली तर निभावेल? बिलाची खिडकी दोन दिवस बंद राहू शकते. आयसीयूचा औषधांचा तक्ता एक तासही हरवून चालत नाही. पैसा आणि माणसे कुठे आधी लावायची, हे या उत्तरांवरून ठरते.

प्रत्येक वॉर्डात एक पेटी ठेवा. आम्ही तिला "बंद-काळाची पेटी" म्हणायचो. तिच्यात कोरे औषध-तक्ते, तपासणीचे फॉर्म, कार्बन पेपर, पेन, टॉर्च आणि सेल, हाताने फुगवायचे बीपीचे यंत्र, थर्मामीटर, ग्लुकोमीटर, साधे आणि मायक्रो ड्रिप सेट. कागदावर लिहिलेले फोन नंबर. ॲम्बू बॅग पेटीत नको, ती व्हेंटिलेटरच्या प्रत्येक खाटेला टांगलेली हवी. आणि प्रत्येक पाळीच्या ओव्हरला रुग्णांची छापील यादी: नाव, खाट, निदान, चालू औषधे, ॲलर्जी, रक्तगट.

सराव करा. सहा महिन्यांतून एकदा दोन तास कॉम्प्युटर बंद आहे असे समजून काम करून पाहा. नव्या मुलींना पंप लावता येतो, पण थेंब मोजता येत नाहीत, असे मी पाहिले आहे. दोष त्यांचा नाही, त्यांना कुणी सांगितलेले नसते. म्हणून हे सूत्र वॉर्डाच्या भिंतीवर लावा:

मिनिटाला थेंब = (तासाला द्यायचे मिलिलिटर × सेटचे एका मिलिलिटरचे थेंब) ÷ ६०

सेटच्या पाकिटावर थेंबांचा आकडा असतो. समजा २० थेंबांचा सेट आहे आणि ५०० मिली सलाईन ५ तासांत द्यायचे आहे. तासाला १०० मिली. १०० × २० ÷ ६० म्हणजे मिनिटाला साधारण ३३ थेंब. मायक्रो सेटचे ६० थेंब म्हणजे १ मिली, त्यामुळे तासाला जितके मिली तितकेच मिनिटाला थेंब. नॉरॲड्रेनालिन, इन्सुलिन अशी औषधे मात्र थेंबांच्या भरवशावर सोडायची नाहीत. बॅटरीवरचे पंप आधी त्या रुग्णांसाठी राखायचे आणि डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणेच बदल करायचा.

त्या क्षणी काय करायचे?

पहिले रुग्ण, मग यंत्र. व्हेंटिलेटर सहसा जाळ्याशिवाय चालतो. पण टेबलावरचा एकत्रित मॉनिटर बंद पडला तर गजर ऐकू येणार नाही. म्हणून प्रत्येक गंभीर खाटेजवळ माणूस उभा करा. व्हेंटिलेटरच थांबला तर ॲम्बू बॅग लावा, मोठ्या माणसाला दर पाच-सहा सेकंदांनी एक श्वास. दोघांनी आळीपाळीने करा, एकटा माणूस लवकर दमतो.

कॉम्प्युटरवर खंडणीचा मजकूर दिसला तर नेटवर्कची वायर काढा, वायफाय बंद करा. बटण दाबून बंद-चालू करत बसू नका, कारण तपासाला लागणारे पुरावे पुसले जातात. रुग्णाला जोडलेल्या यंत्राची वायर मात्र डॉक्टर आणि बायोमेडिकल इंजिनीअर यांना विचारूनच काढा. पडद्याचा फोटो घ्या, वेळ लिहा, इनचार्जना कळवा. पेन ड्राइव्ह लावून "माहिती वाचवतो" असे कुणालाही करू देऊ नका. हल्लेखोरांशी परस्पर बोलू नका.

कागदावर काम सुरू करा. प्रत्येक कागदावर नाव, वय, नोंदणी क्रमांक, तारीख, वेळ आणि सही. एकाच नावाच्या दोन बायका शेजारच्या खाटांवर असतात, हे विसरू नका. रक्त देताना नेहमीप्रमाणे दोघांनी पडताळणी करा. घाईत इथेच चूक होते.

प्रशासनाचे काम वेगळे. भारताच्या सर्ट-इन या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत तिला कळवणे बंधनकारक आहे. अब्रू जाईल म्हणून लपवाछपवी केली तर शेजारचे रुग्णालयही त्याच व्हायरसला बळी पडते.

पुन्हा सुरू करताना

घाई इथेही नडते. आधी काय सुरू करायचे हे अगोदरच ठरलेले असावे: इमर्जन्सी, अतिदक्षता, शस्त्रक्रियागृह, रक्तपेढी, लॅब, औषधे. बिल शेवटी. व्हायरस पूर्ण गेला आहे हे इंजिनीअरने लिहून दिल्याशिवाय यंत्र जाळ्याला जोडू नये. सगळे पासवर्ड बदलावेत.

सिस्टर आणि टेक्निशियन यांनी तीन गोष्टी स्वतः पाहाव्यात. एक, यंत्राचे घड्याळ. तारीख-वेळ चुकली तर पुढची प्रत्येक नोंद चुकते. दोन, गजराच्या मर्यादा. यंत्र नव्याने सुरू झाल्यावर त्या कारखान्याच्या सेटिंगवर गेलेल्या असू शकतात. नवजात बाळाच्या मॉनिटरवर मोठ्या माणसाच्या मर्यादा चालणार नाहीत. तीन, लॅबमध्ये आधी कंट्रोलचा नमुना लावून आकडा बरोबर येतो हे पाहावे, मगच रुग्णाचा नमुना लावावा. कागदावरच्या नोंदी कॉम्प्युटरमध्ये भरताना एकाने वाचावे, दुसऱ्याने भरावे. ते कागद फेकू नयेत.

रुग्ण आणि नातेवाईकांनी काय करावे?

ज्याच्याकडे पैसा आहे तो एक रुग्णालय बंद पडले तर गाडी वळवून दुसरीकडे जातो. आपल्या वस्तीतला माणूस त्याच फाटकाबाहेर सतरंजी टाकून बसतो. त्याला दुसरे रुग्णालय नाही. म्हणून ही चर्चा इंजिनीअरांची म्हणून सोडून देता येत नाही.

घरात प्रत्येकाची एक प्लास्टिकची फाइल ठेवा. डिस्चार्ज कार्ड, रिपोर्ट, औषधांची नावे आणि डोस, ॲलर्जी, रक्तगट. गरोदर बाईचे कार्ड आणि डायलिसिसच्या रुग्णाचा तक्ता नेहमी सोबत असू द्या. डिस्चार्जच्या वेळी "कॉम्प्युटरवर आहे" या उत्तरावर थांबू नका, कागद मागा. यंत्राच्या सॉकेटमधून पिन काढून मोबाइल लावू नका. रिपोर्टचे फोटो ग्रुपवर टाकू नका. एचआयव्ही, टीबी, गर्भपात, मानसिक आजार या नोंदी बाहेर गेल्या तर माणसाची नोकरी जाते, मुलीचे लग्न मोडते. कर्मचाऱ्यांनाही हे तितकेच लागू आहे.

सरकारी रुग्णालयांत रुग्ण कल्याण समिती असते. तिच्यातील सदस्यांमार्फत हे प्रश्न लेखी विचारा:

• जनरेटर पुराच्या पाण्याच्या पातळीच्या वर आहे का? डिझेल किती तासांचे आहे?
• व्हेंटिलेटर आणि पंपांच्या बॅटऱ्या शेवटच्या कधी तपासल्या?
• माहितीची प्रत कुठे ठेवली जाते? ती शेवटची कधी उघडून पाहिली?
• यंत्र खरेदीच्या करारात सॉफ्टवेअरची दुरुस्ती किती वर्षे मिळेल हे लिहिले आहे का? यंत्रात कोणकोणते सॉफ्टवेअर आहे याची यादी कंपनीने दिली आहे का?
• कॉम्प्युटरविना काम करण्याचा सराव शेवटचा कधी झाला?
• लॅब बंद पडली तर तातडीचे नमुने कुठे पाठवायचे हे ठरले आहे का?

उत्तर "माहिती घेऊन सांगतो" असे आले तरी काम झाले समजा. कुणाला तरी ती माहिती घ्यावी लागेल.

गटात चर्चेसाठी

१. आपल्या जवळच्या रुग्णालयात कॉम्प्युटर बंद पडल्याचा अनुभव कुणाला आला आहे? तेव्हा रुग्णांचे काय झाले?
२. एम्सची माहिती कशामुळे परत मिळाली? आपल्या मंडळाची, पतपेढीची नोंदवही अशी सुरक्षित आहे का?
३. मिनिटाला २० थेंबांनी सलाईन चालू आहे. सेट २० थेंबांचा आहे. तासाला किती मिली जाते? (उत्तर: ६० मिली)
४. आपल्या घरातल्या आजारी माणसाची सगळी औषधे आज कागदावर लिहिलेली आहेत का?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर "नाही" असेल तर आज रात्री जेवणानंतर दहा मिनिटे काढा आणि ती लिहून टाका. मोठी योजना रुग्णालयाला करायची आहे. पण तुमच्या आईच्या गोळ्यांची नावे रुग्णालयाच्या कॉम्प्युटरवाचून तुम्हाला सांगता आली पाहिजेत.